दहा मे : एक तारीख, एक तिथी आणि एक दार



वाचक माउलींनो, आज तुमच्यापुढं एक तारीख मांडणार आहे. तुम्ही म्हणाल, महाराज, कीर्तनकारानं तिथी सांगावी, तारखेचं काय घेऊन बसलात? तारीख कोर्टाची असते, सोसायटीच्या हप्त्याची असते, लाइट बिलाची असते. वारकऱ्याला तिथी पुरते. आषाढी एकादशी तारखेनं कधी जूनअखेर येते, कधी जुलैत येते, पण आपण कॅलेंडरमध्ये तारीख शोधत नाही, एकादशी शोधतो. आपल्या खान्देशात आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला विचारा, आज तारीख किती? ती म्हणेल, तारीख मला काय ठाऊक, आज आखाजी आहे!

बरोबर आहे. पण माउली, तिथी चंद्राची आणि तारीख सूर्याची. चंद्राचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांचं. दोघं बरोबर चालत नाहीत, म्हणून अधिक महिना घालून चंद्राला सूर्याच्या जोडीला आणावं लागतं. दिंडीत कसं असतं? म्हातारं माणूस मागं राहतं, मग दिंडी घटकाभर थांबते, ते येऊन मिळतं, पुन्हा टाळ सुरू होतो. तसं ते. आणि असे थांबत थांबत चालले, की कधीतरी एखादी तिथी आणि एखादी तारीख एकाच झाडाखाली भेटतात. अशाच एका भेटीची गोष्ट सांगायची आहे. तारीख आहे १० मे. तिथी कोणती, ते पुढं सांगतो. आत्ताच सांगितली तर निम्मं कीर्तन तिथंच संपेल.

पहिली गोष्ट १८५७ सालची.

१० मे १८५७, वार रविवार, गाव मेरठ. शाळेत आपण सगळे शिकलो, की काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे असं शिपायांना कळलं आणि उठाव झाला. तेवढंच लक्षात राहतं. पण आदला दिवस विसरू नका. २४ एप्रिलला मेरठच्या परेडवर तिसऱ्या घोडदळातल्या ९० शिपायांना काडतुसं घ्यायला सांगितलं. त्यातल्या ८५ जणांनी घेतली नाहीत. त्यात हिंदू होते, मुसलमान होते. लष्करी कोर्ट बसलं. ९ मे रोजी सगळ्या फौजेसमोर त्या ८५ जणांना उभं केलं, अंगावरचा गणवेश उतरवला आणि लोहारांनी त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या. ज्यांनी कंपनी सरकारसाठी रक्त सांडलं, त्यांच्या पायात बेडी. बाकीचे शिपाई उभे राहून बघत होते. संगिनी त्यांच्याही हातात होत्या, पण समोर गोऱ्यांच्या तोफा रोखलेल्या.

ती रात्र त्या बघणाऱ्यांनी कशी काढली असेल? बेडी पायात पडलेल्याला जेवढी टोचते, तेवढीच ती गप उभं राहून बघणाऱ्याला टोचते. दुसऱ्या दिवशी, १० मेच्या संध्याकाळी, शिपाई उठले. तुरुंग फोडला, सोबत्यांच्या बेड्या तोडल्या आणि रातोरात दिल्लीची वाट धरली. ११ मेला ते दिल्लीत होते.

तुम्ही म्हणाल, मेरठ कुठं आणि आपला सातपुडा कुठं. पण तो वणवा आपल्या डोंगरातही आला. खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्या मागं आपले भिल्ल बांधव उभे राहिले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. धनुष्यबाण घेतलेली माणसं बंदुकांपुढं उभी राहिली. शिरपूर, चोपडा, यावलकडच्या माउलींनो, तुमच्या शिवारातून उत्तरेला जे डोंगर दिसतात, त्या डोंगरांनी हे पाहिलंय. मुक्ताईची पालखी पाहायला जाता, तसं कधी त्या बाजूला तोंड करूनही एकदा हात जोडा.

ही झाली पहिली १० मे. आता थोडं थांबू, आणि सहाशे वर्षं मागं जाऊ.

चोखोबाराय. मंगळवेढ्याचे. नामदेवरायांच्या मेळ्यातले. घर सगळं विठ्ठलाचं. बायको सोयराबाई अभंग करणारी, बहीण निर्मळा अभंग करणारी, मुलगा कर्ममेळा अभंग करणारा, मेहुणा बंका अभंग करणारा. एका घरात इतके संत! आपल्या घरात एकानं हरिपाठ धरला तर दुसरा टीव्हीचा आवाज वाढवतो. असं हे घर, आणि पंढरपुरात त्या घराची जागा कुठं? दाराबाहेर. का? जात महार. देवाचं रूप ज्यांनी शब्दांत उभं केलं, त्यांना ते रूप गाभाऱ्यात जाऊन डोळ्यांनी बघायची मुभा नव्हती.

आणि शेवट कसा झाला? मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू होतं, चोखोबा त्या कामावर होते. कूस कोसळलं, मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गेले. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. नीट ऐका माउली. गावाच्या रक्षणासाठी जी भिंत बांधायची, तिच्या आत राहायचा हक्क नाही, पण ती बांधता बांधता मरायचं मात्र नशिबी. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात हाडं कुणाची म्हणून कशी ओळखायची? परंपरा सांगते, ज्या हाडातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं, ती चोखोबांची. त्या अस्थी त्यांनी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी केली. पायरीशी नामदेवराय, समोर चोखोबाराय.

पंढरीला गेलात की पहिला माथा तिथं टेकता ना? पण एक गोष्ट मनात आणा. चोखोबांची समाधी झाली तीही दाराबाहेरच. आणि पुढं सहाशे वर्षं त्यांचे भाऊबंद त्या समाधीपर्यंतच येत राहिले. खान्देशातून, वऱ्हाडातून, मराठवाड्यातून महिनाभर चालत यायचं, पायाला फोड यायचे, आणि कळसाला हात जोडून माघारी फिरायचं. कळसाचं दर्शन हे पुण्याचं म्हणून आपण सांगतो. खरं आहे. पण ज्याला दार मोकळं आहे त्यानं कळस बघून परतणं वेगळं, आणि ज्याला दार बंद आहे त्यानं कळस बघून परतणं वेगळं.

आता वाटेल, हे जुन्या काळातलं झालं. मग जळगाव जिल्ह्यातलीच गोष्ट सांगतो.

साल १९२९, चाळीसगाव. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर सरकारी चौकशी समितीच्या कामानं धुळ्याकडं आले होते, तिथून मुंबईला परतताना चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी आग्रह केला, की एक रात्र आमच्याकडं राहा. स्टेशनपासून वस्तीपर्यंत टांगा पाहिजे. एकही टांगेवाला तयार होईना. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, पण टांग्यात बसवायचा तर विटाळ! मग लोकांनी काय केलं? टांगा भाड्यानं मिळवला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला. पाहुण्याचा मान राहिला पाहिजे, पायी न्यायचं नाही. पण त्या बिचाऱ्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीपुलावर चाक दगडात अडकलं, घोडा टांग्यासकट खाली गेला, आणि बाबासाहेब दगडी फरशीवर आदळले. पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यात रागापेक्षा एक साधा हिशेब दिसतो. ज्याला टांगा हाकता येतो तो हाकायला तयार नाही, आणि जो तयार आहे त्याला हाकता येत नाही. एका समजुतीपायी देशाचा एवढा मोठा माणूस जाता जाता वाचला.

त्याच बाबासाहेबांनी २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. वर्षांमागून वर्षं गेली, रामरायाचं दार काही उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी सांगून टाकलं, की मी हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धुळ्याच्या माउलींना लळिंगच्या रानातला लांडोर बंगला ठाऊक आहे. बाबासाहेब तिथं राहून गेले, म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तिथं यात्रा भरते. बघा, ती यात्रा तारखेची आहे, तिथीची नाही. ज्यांना आपण आपल्या तिथ्यांमध्ये घेतलं नाही, त्यांनी आपल्या यात्रा तारखेनं सुरू केल्या. हा त्यांचा दोष नाही. दार आपण लावलं होतं.

आता येतो गुरुजींकडं.

साने गुरुजींचा जन्म कोकणातला, पालगडचा, २४ डिसेंबर १८९९. पण कर्मभूमी आपली. १९२४ ला ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. ज्या अमळनेरात बोरी नदीच्या काठी सखाराम महाराजांची वाडी आहे, वैशाखात एकादशीला रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी निघते, त्या अमळनेरात हा माणूस वसतिगृहातल्या पोरांची अंथरुणं नीट करायचा, कुणाचे कपडे धुवायचा, आजारी पोराच्या उशाशी बसायचा. १९३० ला नोकरी सोडली आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. मग धुळ्याचा तुरुंग.

धुळेकरांनो, तुमच्या तुरुंगाला मी तीर्थ म्हणतो. १९३२ साली विनोबाजी तिथं होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय, अशी अठरा रविवारी अठरा अध्यायांची प्रवचनं त्यांनी कैद्यांपुढं केली. विनोबा बोलत होते आणि गुरुजी लिहून घेत होते. ती 'गीता प्रवचने' पुढं देशभर गेली. आज तुम्ही हे पुस्तक वाचता, तेही बोललेलं कुणीतरी टिपून घेतलं म्हणूनच ना? आमचं बोलणं त्या तोडीचं नाही, पण टिपून घेणाऱ्याचे उपकार तेच. बोलणाऱ्याचा हार सगळ्यांना दिसतो, लिहिणाऱ्याचं बोट दुखलेलं कुणाला दिसत नाही.

तर असा हा माणूस. १९४६ साली त्यांच्या मनानं घेतलं, की स्वराज्य दारात आलंय आणि पंढरीच्या विठोबाचं दार मात्र चोखोबाच्या लेकरांना बंद आहे. हे असं घेऊन स्वराज्यात जायचं? कार्तिकी एकादशीपासून उपोषणाला बसतो म्हणाले. सेनापती बापटांनी थांबवलं. म्हणाले, आधी लोकांना सांगू, लोकांना संधी देऊ. गुरुजींनी ऐकलं. आणि मग कित्येक महिने महाराष्ट्र पालथा घातला. गावोगाव सभा, गावोगाव विनवणी. कुठं विहीर खुली झाली, कुठं गावाचं मंदिर खुलं झालं. पण पंढरीचं दार बंद ते बंद.

१ मे १९४७. पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजी उपोषणाला बसले. बघा हं, उपोषणाला जागा कुणी दिली? एका वारकरी महाराजांच्या मठानं. म्हणून कुणी म्हणालं, की वारकरी पंथ सगळा विरोधात होता, तर तनपुरे महाराजांच्या मठाचं नाव सांगा. आणि कुणी म्हणालं, की वारकरी पंथ सगळा बाजूनं होता, तर गप्प राहा. कारण तेही खरं नाही. विरोध झाला, कडवा झाला. 'धर्म बुडेल' म्हणणारे होते. आमच्यासारखेच, कपाळाला गंध आणि गळ्यात माळ असलेले होते. हे आपण कबूल केलं पाहिजे.

एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. वैशाखातलं ऊन. ५ मेला वैशाखी पौर्णिमा आली. अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या पालखीची ती तिथी, भगवान बुद्धांच्या जन्माची ती तिथी, आणि अमळनेरचा मास्तर पंढरीत उपाशी. दादासाहेब मावळंकर पंढरपुरात आले. बोलणी झाली. अखेर १० मे रोजी, शनिवारी, मंदिर हरिजनांना खुलं करायला बडव्यांची मान्यता मिळाली आणि गुरुजींनी उपोषण सोडलं. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

मेरठचा उठाव १० मे १८५७. पंढरीचा दहावा उपवास १० मे १९४७. मोजा, बरोबर नव्वद वर्षं. आणि १५ ऑगस्ट तिथून फक्त ९७ दिवसांवर. मेरठला पायातली बेडी तुटली, ती परक्यांनी घातलेली. पंढरीला तुटली ती आपणच आपल्या भावाच्या पायात घातलेली. पहिलीसाठी तलवार लागली. दुसरीला तलवार चालत नाही माउली. भावावर तलवार कशी चालवणार? म्हणून गुरुजींनी स्वतःच्या पोटावर चालवली.

आणि मेरठच्या शिपायांची एक गोष्ट मला राहून राहून बोचते. काडतुसाला चरबी लागली तर धर्म जातो, म्हणून ते उठले. त्यांची श्रद्धा खरी होती, त्यांचं बलिदान खरं आहे, त्यांना माझा दंडवत. पण जनावराची चरबी ओठाला लागली तर धर्म जातो हे ज्या समाजाला इतकं चटकन कळलं, त्याच समाजाला जिवंत माणसाला दाराबाहेर ठेवल्यानं धर्म जातो हे कळायला आणखी नव्वद वर्षं लागली.

आता तिथी सांगतो. हातातलं पुस्तक घटकाभर खाली ठेवा आणि बोटं मोजा. ५ मे १९४७ ला पौर्णिमा. ६ ला वद्य प्रतिपदा. ७ ला द्वितीया, ८ ला तृतीया, ९ ला चतुर्थी, आणि १० मेला? वैशाख वद्य पंचमी.

वैशाख वद्य पंचमी कुणाची, वारकऱ्यांनो? कॅलेंडरात बघा, पंचांगात बघा, नाहीतर घरातल्या जुन्या टाळकऱ्याला विचारा. चोखोबारायांची पुण्यतिथी!

ज्या तिथीला गावकुसाखाली चोखोबांचा देह पडला, त्याच तिथीला, ६०९ वर्षांनी, त्यांच्या लेकरांसाठी पंढरीचं दार उघडायचं ठरलं. कुणी याला योगायोग म्हणेल. म्हणू दे. कुणी विठ्ठलाची करणी म्हणेल. म्हणू दे. मी चमत्काराचा दावा करत नाही, आणि गुरुजींनाही चमत्कार आवडला नसता. मी एवढंच म्हणतो, की चंद्राचा हिशेब आणि सूर्याचा हिशेब त्या दिवशी एका पायरीशी येऊन भेटले, आणि ती पायरी चोखोबाची होती. आणि दार चमत्कारानं उघडलं नाही, हे विसरू नका. सहाशे नऊ वर्षं ती पंचमी दरसाल येत होती. नुसती तिथी आल्यानं दार उघडत नसतं. कुणाला तरी उपाशी बसावं लागतं.

ज्यांना पडताळा घ्यायचा त्यांच्यासाठी सांगतो. ७६ वर्षांनी, २०२३ साली, १० मेला पुन्हा वैशाख वद्य पंचमीच होती. त्या सालचं कॅलेंडर घरात असेल, दुधाचा हिशेब लिहिलेलं, तर काढून बघा.

आणखी एक १० मे राहिली. ती सातासमुद्रापलीकडची, पण आपल्याशी नातं असलेली.

दक्षिण आफ्रिका. ज्या देशात १८९३ साली गांधीजींना कातडीच्या रंगावरून आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं, तो देश. तिथं काळ्या माणसाला बाकडं वेगळं, डबा वेगळा, पोस्टाची खिडकी वेगळी. आपल्याला हे नवं नाही. आपल्याकडं पाणवठा वेगळा आणि मसणवटा वेगळा. तिथं नेल्सन मंडेला नावाचा माणूस २७ वर्षं तुरुंगात होता. सुटला, निवडणूक झाली, आणि १० मे १९९४ ला प्रिटोरियात त्यानं राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या समारंभाला त्यानं पाहुणे कोण बोलावले? जगभरचे राजे आणि मंत्री होतेच. पण तुरुंगात जे गोरे पहारेकरी त्याच्यावर पहारा देत, त्यांतल्याही काही जणांना त्यानं आमंत्रण दिलं होतं. माउली, याला म्हणतात दार उघडणं. आपल्यासाठी उघडलं म्हणजे अर्धं उघडलं. ज्यानं लावलं होतं त्यालाही आत बोलावलं, तेव्हा ते पुरतं उघडलं.

दाराची गोष्ट निघाली आणि मुक्ताईचं नाव घेतलं नाही, तर खान्देशचा कीर्तनकार कसला? ज्ञानोबाराय लोकांच्या बोलण्यानं दुखावले, झोपडीची ताटी लावून आत बसले. कुणाची हिंमत होईना. मग ती धाकटी बहीण ताटीबाहेर उभी राहिली आणि तिनं विनवून विनवून ताटी उघडायला लावली. तेच ताटीचे अभंग. तीच मुक्ताई पुढं आपल्या तापीकाठी, मेहूणला, वैशाख वद्य दशमीला विजेच्या लोळात गुप्त झाली. चोखोबांची पंचमी, मुक्ताईची दशमी, पाच दिवसांचं अंतर. आतून ताटी लावून बसलेल्याला बाहेरून हाक मारायची, ही रीत आपल्या मुक्ताईची. गुरुजींनी पंढरीत दुसरं काय केलं? तेच केलं. दहा दिवस ताटीबाहेर बसून हाक मारली. फरक इतकाच, की ज्ञानोबारायांची ताटी जगाच्या दुःखानं लागली होती, आणि पंढरीची ताटी दुसऱ्याला दुःख द्यायला लागली होती.

आता शेवटचं. हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवायला सांगत नाही. एक कबुली द्यायची आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहाला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. काल्याचं कीर्तन झालं, चोखोबांवरच बोललो होतो. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. मग पंगत बसली. मंडपात मोठी पंगत, आणि शाळेच्या भिंतीकडं, मंडपाच्या कनातीपलीकडं, एक लहान पंगत. मी विचारलं, ती माणसं तिकडं का? यजमान म्हणाले, महाराज, ते आपणहूनच तिकडं बसतात, आम्ही काही म्हणत नाही. माझ्यापुढं वाढलेलं ताट होतं. मला उठून त्या पंगतीत जाऊन बसता आलं असतं. वीस पावलं होती. मी बसलेला उठलो नाही. जेवलो, नारळ-दक्षिणा घेतली आणि गाडीत बसलो. गाडीत मला मेरठचे ते बघणारे शिपाई आठवले. त्यांच्यासमोर तोफा तरी होत्या. माझ्यासमोर काय होतं? वरण-बट्टी होती.

'आपणहून बसतात' म्हणे! माउली, सहाशे वर्षं दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसानं आपणहून आत यायची वाट बघायची? हाक कुणी मारायची? कायद्यानं दार उघडतं, पण कायदा काही कुणाला 'या, बसा' म्हणत नाही. ते आपण म्हणायचं असतं.

त्यानंतर मी एक नेम केला. सप्ताहाचं आमंत्रण आलं की दक्षिणेचं बोलत नाही, पंगतीचं बोलतो. पंगत एक असेल तर येतो. दोन-चार ठिकाणची आमंत्रणं गेली. जाऊ देत. आणि एका गावच्या म्हाताऱ्या पाटलांनी फोनवर बराच वेळ गप्प राहून म्हटलं, 'महाराज, या तुम्ही. पंगत एकच राहील. मी स्वतः वाढायला उभा राहतो.' ते उभे राहिले. ऐंशीच्या पुढचं वय, हातात वरणाची बादली. मला त्या दिवशी पांडुरंग वेगळा शोधावा लागला नाही.

तर वाचक माउलींनो, तुमच्यासाठी मागणं थोडं आहे. या वर्षी १० मे येईल, आणि कधी तिच्या अलीकडं, कधी पलीकडं वैशाख वद्य पंचमी येईल. दोन्ही दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. एवढे उपवास करता, त्यात या दोन्ही दिवशी एक वेगळा उपवास करा, पोटाचा नको. आपल्या गावात, आपल्या घरात, आपल्या दिंडीत अजून कोणतं दार लागलेलं आहे, ते बघा. दिंडीत वीणा कुणाच्या गळ्यात कधीच आली नाही? सप्ताहात पिठाच्या पोत्यांना हात कुणाचा चालतो आणि पोळी लाटायला कुणाचा चालत नाही? घरी कामाला येणाऱ्या बाईचा चहाचा कप फडताळात आहे, की बाहेर खिडकीत? एक दार शोधा. एकच. आणि त्या दिवशी ते उघडा.

पंढरीला जाल तेव्हा महाद्वारात थांबा. चोखोबांच्या समाधीवर डोकं ठेवा. मग उठा आणि आत जा. आत जाताना तुमच्या पुढं कोण आहे, मागं कोण आहे, त्याची जात तुम्हाला ठाऊक नसेल, त्याला तुमची ठाऊक नसेल. रांगेत घामानं भिजलेले खांदे एकमेकांना घासतील. आपल्याला ते साधं वाटतं. ज्या दहा दिवसांच्या उपवासानं ते साधं झालं, त्या उपवासाची आठवण उंबरा ओलांडताना एका क्षणापुरती ठेवा. आणि विठोबाच्या पायावर डोकं टेकलं की स्वतःसाठी काही मागण्याआधी म्हणा, देवा, माझ्या हातानं कुठलं दार लागलेलं असेल तर ते मला दाखव.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! आदिशक्ती मुक्ताई माता की जय! संत चोखोबाराय महाराज की जय!